परदेशची शस्त्रक्रिया आणि घरचें पथ्य

स्थूलतेवर औषध कोणतें, हा प्रश्न पूर्वीं वैद्याला विचारला जाई. आज तो शस्त्रवैद्याला विचारला जातो. पोटावर शस्त्रक्रिया करून वजन उतरवितां येतें, ही वार्ता आतां यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गांवांतील सुशिक्षित घरांतही पोंचली आहे. कोणाचा मुलगा आखाती देशांत नोकरीस असतो, कोणाची मुलगी अमेरिकेंत असते. त्यांच्याकडून कळतें कीं तुर्कस्तानांत अथवा मेक्सिकोंत ही शस्त्रक्रिया आठ दिवसांत उरकते, मुक्कामाची सोय रुग्णालयच करतें, आणि यात्रेस जाऊन यावें तसा माणूस हलका होऊन परततो. या वार्तेंत खोटें थोडें आहे; पण न सांगितलेलें फार आहे. शस्त्रक्रिया आठ दिवसांत उरकते हें खरें. तिचें पथ्य मात्र जन्मभर संपत नाहीं, आणि तें परक्या देशांत नव्हे, घरींच पाळावें लागतें.

ही शस्त्रक्रिया म्हणजे अंगावरील चरबी कापून काढणें, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. चरबीला हींत हात लागत नाहीं. बदल होतो तो जठरांत व आंतड्यांत. १९५४ सालीं अमेरिकेंत क्रेमेन व त्यांचे सहकारी यांनीं लहान आंतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून दिली. वजन उतरलें, परंतु त्या रीतीनें रोग्यांना जुलाब लागत, यकृत बिघडे, म्हणून ती पुढें मागें पडली. १९६० नंतरच्या दशकांत आयोवा विद्यापीठांतील डॉ. एडवर्ड मेसन यांनीं जठराची एक लहान पिशवी करून ती थेट आंतड्याला जोडण्याची रीत काढली. आज तिला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. दुसरी रीत स्लीव्हची. तींत जठराचा सुमारें तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. दोन्ही शस्त्रक्रिया आतां पोट न उघडतां, चारपांच लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्यानें होतात.

जठर लहान झालें म्हणून माणूस कमी जेवतो, एवढीच गोष्ट असती तर कार्यभाग सोपा होता. पण भूक ही केवळ पोटाची नाहीं, ती रक्तांतील रसांचीही आहे. १९९९ सालीं जपानी संशोधकांनीं जठरांत तयार होणारा घ्रेलिन नांवाचा रस शोधून काढला. हा भूक चेतवितो. स्लीव्हमध्यें जठराचा जो भाग जातो, त्यांतच हा रस मुख्यत्वें तयार होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कांहीं काळ भूकच मंदावते. बायपासनंतर तर वजन उतरण्यापूर्वींच, थोड्या दिवसांत, रक्तांतील साखर खालीं येऊं लागते. यामुळें आतां ही केवळ सडपातळ होण्याची शस्त्रक्रिया मानीत नाहींत. मधुमेहावरील एक उपचार म्हणूनही तिच्याकडे पाहतात. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनीं २०११ सालीं मुंबईंत ही शस्त्रक्रिया करवून घेतली, तेव्हां विदर्भांतील अनेक घरांत तिचें नांव प्रथमच ऐकूं आलें.

ही कोणी करावी, याला माप आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे बी. एम. आय. नांवाचा आंकडा येतो. पाश्चात्य देशांत १९९१ पासून हा आंकडा ४० असल्यास, अथवा ३५ असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असल्यास, शस्त्रक्रिया योग्य मानीत. २०२२ सालीं हीं मापें आणखी खालीं आणलीं गेलीं. भारतीय शस्त्रवैद्यांनीं आपल्या लोकांसाठीं तीं आधींच खालीं ठेविलीं होतीं: विकार नसल्यास ३७.५, विकार असल्यास ३२.५. पांच फूट तीन इंच, म्हणजे १.६० मीटर उंचीच्या स्त्रीस हें माप लावलें तर पहिली मर्यादा ९६ किलोवर आणि दुसरी सुमारें ८३ किलोवर येते.

भारतीयांस निराळें माप कां, याचें उत्तर पुण्यांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्यांत मिळतें. २००४ सालीं त्यांनीं व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं स्वतःचेंच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. दोघांचा बी. एम. आय. अगदीं सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगींही चरबी अधिक असूं शकते, विशेषतः पोटाच्या आंत. आणि तीच मधुमेहास कारण होते. तेव्हां परदेशांतील रुग्णालय ‘आपण अद्याप या शस्त्रक्रियेस पात्र नाहीं’ असें म्हणालें, किंवा उलट केवळ सौंदर्यासाठीं तयार झालें, तरी निर्णय इकडील मापानें व इकडील वैद्याच्या सल्ल्यानें व्हावा.

उपचारासाठीं देश ओलांडण्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें; मात्र तेथें प्रवास उलट दिशेचा होता. ११ फेब्रुवारी २०१७ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराची एक स्त्री मालवाहू विमानानें मुंबईंत आणली गेली. तिचें वजन सुमारें ५०० किलो सांगितलें जाई. कित्येक वर्षें ती घराबाहेर पडली नव्हती. पूर्वीं पक्षाघाताचा झटकाही येऊन गेला होता. विमानांत तिच्यासाठीं खास पलंग बसविला होता, आणि रुग्णालयांत तिला उचलून नेण्यास क्रेन लागली. सैफी रुग्णालयांत डॉ. मुफ्फजल लकडावाला यांच्या पथकानें ७ मार्च रोजीं तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. आगमनापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे चोवीस दिवस द्रव आहार, अंगांतील सांचलेलें पाणी उतरविणें आणि तपासण्या यांतच गेले. शस्त्रक्रियेनंतर वजन पुष्कळ उतरलें. परंतु मेंदूचा जुना विकार, हृदय व मूत्रपिंडें यांचे प्रश्न तसेच राहिले. मे महिन्याच्या आरंभीं पुढील शुश्रूषेसाठीं तिला अबू धाबीस नेण्यांत आलें, आणि तेथें २५ सप्टेंबर २०१७ रोजीं तिचें निधन झालें.

ही हकीकत अपवादात्मक आहे. सामान्य रोग्यास ती जशीच्या तशी लागू पडत नाहीं. अनुभवी हातीं या शस्त्रक्रियेचा धोका पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेहून फार मोठा नसतो, असें तज्ज्ञ मानतात. पण तींतून एक गोष्ट स्पष्ट होते. शस्त्र चालतें तो दिवस एकच असतो. त्यापूर्वींची तयारी आणि त्यानंतरची शुश्रूषा हीच उपचाराचा मोठा भाग असतात. परदेशगमनांत नेमका हाच भाग तुटतो.

तो कसा तुटतो, हें यवतमाळच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. जठर कापल्यावर तें बारीक टांचण्यांनीं शिवतात. ही शिवण कोठें उसवली तर जठरांतील रस पोटांत झिरपतो. हें बहुधा पहिल्या कांहीं आठवड्यांत घडतें, आणि पुष्कळदां रोगी रुग्णालयांतून बाहेर पडल्यावर घडतें. दुसरें संकट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचें. ती सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. स्थूल शरीर, ताजी शस्त्रक्रिया आणि विमानांतील दहा तासांचें बसणें, हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे धोका वाढतो. त्यांत नागपूरच्या विमानतळावर उतरल्यानंतर यवतमाळ आणखी दीडशें किलोमीटर, आणि पुसद वा उमरखेड त्याहूनही दूर. म्हणून परतीचा दिवस शस्त्रवैद्यानें ठरवावा. आधीं काढलेल्या तिकिटानें ठरूं नये. वाटेंत दर तासाला उठून चालावें, पाणी घोटघोट घेत राहावें, आणि रक्त पातळ ठेवण्याचीं इंजेक्शनें सांगितलीं असल्यास तीं चुकवूं नयेत.

घरीं आल्यावर विश्रांतींतही नाडी मिनिटाला १२० च्या घरांत राहिली, ताप आला, पोटांत अथवा डाव्या खांद्यांत कळ निघाली, धाप लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखूं लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून थांबतां कामा नये. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. नागपूर व सेवाग्राम येथेंही मोठीं रुग्णालयें आहेत. परंतु रात्रीं दोन वाजतां समोर आलेल्या डॉक्टरला या पोटांत काय केलें आहे हें ठाऊक असावें लागतें. त्यासाठीं शस्त्रक्रियेचा सविस्तर इंग्रजी अहवाल, दिलेल्या औषधांचीं मूळ नांवें, आणि शस्त्रवैद्याशीं थेट बोलतां येईल असा दूरध्वनिक्रमांक, हे तीन कागद पासपोर्टाइतकेच जपून आणावेत.

आणखी एक सूचना घरच्यांनीं लक्षांत ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबेनात तर शरीरांतील ब-१ जीवनसत्त्वाचा सांठा कांहीं आठवड्यांत संपतो. अशा वेळीं अशक्तपणावर नुसतें ग्लूकोजचें सलाइन लावणें घातक ठरूं शकतें. मेंदूस व नसांस कायमची इजा होऊं शकते. ग्लूकोजपूर्वीं ब-१ द्यावें, असा नियम आहे. दवाखान्यांत ‘पोटाची अशी शस्त्रक्रिया झाली आहे’ हें पहिलें वाक्य असावें, तें याचसाठीं.

आतां स्वयंपाकघराकडे वळलें पाहिजे. कारण खरी कसोटी तेथें आहे. पहिले कांहीं दिवस केवळ पातळ द्रव: गाळलेली पेज, मुगाच्या वरणाचें वरचें पाणी, साय काढलेलें ताक. तेंही पेल्यानें नव्हे, चमच्यानें. नंतर दूध व गाळलेलें वरण. मग घोटलेली खिचडी, दही, कुस्करलेलें पनीर. त्यानंतर मऊ अन्न. आणि दीडदोन महिन्यांनीं नेहमींचें जेवण, पण वाटीभरच. ज्वारीची भाकरी वरणांत भिजवून, एकेक घास चांगला चावून खावी. ठेचा, तर्री, तळण यांना बराच काळ रजा द्यावी. जेवतांना पाणी पिऊं नये. त्यानंतरही अर्धा तास थांबावें.

सर्वांत अवघड भाग प्रथिनांचा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनें लागतात. वाटीभर वरणांत अथवा एका अंड्यांत तीं सुमारें सहा ग्रॅम असतात. म्हणजे अशा दहा वाट्या झाल्या. लहानशा पोटांत त्या मावत नाहींत. म्हणून पनीर, अंडें, मासे, सोयाबीन आणि वैद्यानें सांगितलेली प्रथिनांची पूड यांचा आधार घ्यावा लागतो. यवतमाळच्या शेतांत सोयाबीन अमाप पिकतें. ताटांत मात्र तें क्वचित येतें. प्रथिनें कमी पडलीं तर चरबीऐवजीं स्नायू झिजतात आणि केंस गळूं लागतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व ब-१२ हीं जन्मभर घ्यावयाचीं. शाकाहारी घरांत ब-१२ विशेषेंकरून. वर्षांतून एकदां तरी रक्त तपासावें.

खर्रा हें या भागांतील मोठें व्यसन. तंबाखूनें जखम भरण्यास विलंब होतो, आणि बायपासच्या जोडावर व्रण होण्याचा संभव वाढतो. तेव्हां तो शस्त्रक्रियेपूर्वींच सुटला पाहिजे. मद्य पूर्वीपेक्षां लवकर चढतें. अंगदुखीच्या गोळ्या मनानें घेऊं नयेत. विवाहित स्त्रीनें बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, कारण या काळांत वजन झपाट्यानें उतरतें आणि मूल उपाशी राहण्याची भीति असते.

पथ्य मोडतें तें पुष्कळदां प्रेमानेंच. पाहुण्यास आग्रह करून वाढणें हा आपला कुलधर्म. ‘एवढ्यानें काय होतें, अर्धी पुरणपोळी तरी घे,’ हें वाक्य लग्नघरांत ऐकावें लागणारच. ज्या घरांत सासूनें, आईनें व पत्नीनें हें पथ्य समजून घेतलें, तेथें शस्त्रक्रिया टिकते; जेथें तें एकट्या रोग्यावर सोडलें, तेथें तीनचार वर्षांत गेलेल्या वजनाचा कांहीं भाग परत येतो. गोड सरबत, फरसाण, आइस्क्रीम यांना लहान पोटही अडवीत नाहीं.

मग परदेशीं जावें कीं नाहीं? ज्याचें वास्तव्यच तिकडे आहे, त्यानें तेथेंच करून घेणें श्रेयस्कर, कारण पुढील तपासणी तेथेंच व्हावयाची आहे. सुटींत येऊन येथें करून घेणाऱ्या परदेशस्थ मराठी माणसाला हाच न्याय लागू पडतो. यवतमाळच्या रोग्यानें मात्र नागपूर, पुणें, मुंबई येथील अनुभवी शस्त्रवैद्य आधीं पाहावेत. विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं घातलेल्या नियमांनुसार बी. एम. आय. ४० किंवा गंभीर विकारांसह ३५ असल्यास, आणि इतर उपाय निष्फळ ठरले असल्यास, ही शस्त्रक्रिया स्थूलतेची म्हणून विम्यांतून वगळतां येत नाहीं; आपल्या विमापत्रांतील अटी तेवढ्या वाचून घ्याव्यात. शिवाय २०२५ पासून आठवड्यास एक इंजेक्शन घेऊन वजन उतरविण्याचीं नवीं औषधें भारतांतही मिळूं लागलीं आहेत. कांहीं रोग्यांस तीं पुरेशीं ठरतील; बंद केल्यास वजन परतण्याचा संभव तेथेंही आहे.

तरीही कोणी परदेशीं जाण्याचा निश्चय केलाच, तर त्यानें तिकडील शस्त्रवैद्य ठरविण्यापूर्वीं इकडील डॉक्टर ठरवावा, त्याच्याशीं बोलून घ्यावें, आणि परत आल्यावर पहिली तपासणी कोणत्या दिवशीं, हें जाण्यापूर्वींच लिहून ठेवावें. तो डॉक्टर मिळत नसेल, तर जाण्याची घाई करूं नये.