बिअरच्या धान्यातील गोडवा : महागड्या यंत्रापेक्षा पाण्याची वाटणी महत्त्वाची

बनशंकरी (बेंगळुरू) : दक्षिण बेंगळुरूतील बनशंकरीसारख्या वस्तीत फिल्टर कॉफी नवी नाही. भांड्यातील पुडीवर गरम पाणी ओतले की पहिले डिकॉक्शन दाट उतरते. पुन्हा पाणी ओतल्यावर दुसरे पातळ उतरते. मात्र पुडीत उरलेला बराच अर्क त्यातून हाती लागतो. बिअर तयार करताना धान्याचा चोथा गरम पाण्याने धुण्याची जी क्रिया केली जाते, तिचे तत्त्वही हेच आहे. तिला ‘स्पार्जिंग’ म्हणतात. साध्या साधनांनी ही धुलाई करताना धान्यातील साखर वाया का जाते आणि ती कशी वाचवता येते, याचे उत्तर थोड्या गणितात आणि थोड्या रसायनशास्त्रात आहे.

प्रारंभीच कायद्याची बाजू स्पष्ट करणे आवश्यक आहे. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ या दोन्हींनुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही. ती घरगुती वापरासाठी असली तरीही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरसाठी परवान्याची अट उरली नाही, तर अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. त्यामुळे परदेशातील अनेक मराठी कुटुंबांसाठी हा उघड छंद असू शकतो. भारतात मात्र हे ज्ञान प्रामुख्याने परवानाधारक लघुब्रुअरींमध्ये उपयोगी पडते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही अशा ब्रुअरींपैकी देशातील सुरुवातीची एक. बेंगळुरूत आज अशी अनेक ठिकाणे आहेत.

मोड आणून वाळवलेल्या सातूला, म्हणजे बार्लीला, माल्ट म्हणतात. भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे तासभर ठेवले की त्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. हा गोड द्रव म्हणजे ‘वर्ट’. तो काढून घेतल्यावरही चोथा प्रत्येक किलो धान्यामागे साधारण १ लिटर द्रव धरून ठेवतो. साखर अडकते ती इथेच. साखर कारखान्यांत गाळप झालेल्या उसाच्या चिपाडावर पाणी शिंपडून ते पुन्हा दाबतात, त्यामागचे कारणही हेच असते.

या गणितासाठी एक उदाहरण घेता येईल. ४ किलो माल्ट आहे आणि २० लिटर वर्ट हवे आहे. चोथा ४ लिटर शोषणार, म्हणून एकूण पाणी २४ लिटर लागेल. सगळे पाणी एकदमच घातले, तर २४ पैकी २० लिटर द्रव हाती येतो आणि विरघळलेल्या साखरेपैकी सुमारे ८३ टक्के मिळते. त्याऐवजी आधी १४ लिटर पाणी घालून १० लिटर वर्ट काढले आणि नंतर उरलेले १० लिटर पाणी घालून, नीट ढवळून पुन्हा १० लिटर काढले, तर हे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवर जाते. तीच धुलाई दोनदा केली आणि तिन्ही वेळा सारखाच द्रव काढला, तर ते ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते.

पाणी तेवढेच आणि धान्यही तेवढेच. फरक केवळ वाटणीचा. माल्टमधील सर्व साखर उतरली असती तर या २० लिटर वर्टची घनता सुमारे १.०६० भरली असती. धुलाईशिवाय ती १.०५०, एका धुलाईने १.०५५ आणि दोन धुलाईंनी १.०५७ च्या जवळ येते. पहिल्या धुलाईचा लाभ ठळक, दुसऱ्याचा किरकोळ. साध्या साधनांवर काम करणाऱ्याला एक नीट धुलाई पुरेशी का, हे यातून कळते. घनतामापक बहुधा २० अंशांसाठी बनवलेला असतो. म्हणून नमुना थंड करूनच मोजावा.

यासाठी लागणारी साधने साधी आहेत. तळाशी जाळी आणि तोटी बसवलेला आइसबॉक्स, एकात एक बसणाऱ्या दोन बादल्या किंवा जाड कापडाची पिशवी चालते. प्रत्येक वेळी द्रव पूर्ण निथळू द्यावा. पिशवी असेल तर ती टांगून ठेवावी. पहिला गढूळ द्रव हळूच पुन्हा थरावर ओतावा, म्हणजे टरफलांचा थर गाळणीचे काम करतो. तोटी एकदम पूर्ण उघडल्यास थर दाबला जाऊन प्रवाह अडतो. मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत दळलेल्या माल्टनेही तेच घडते. टरफल नसलेला गहू अथवा नाचणी वापरल्यास स्वच्छ धुतलेले भाताचे तूस मिसळतात.

मात्र धुलाई हा प्रत्येक दोषावरचा उपाय नाही. पिष्टाची साखरच झाली नसेल, तर कितीही धुतले तरी ती मिळणार नाही. द्रवाच्या थेंबावर आयोडीन टाकल्यास तो काळा-निळा झाला, तर पिष्ट अजून शिल्लक आहे असे समजावे. हा नमुना नंतर फेकून द्यावा.

शेवटचा कण काढण्याचा हट्टही महागात पडतो. धुलाईचे पाणी ७५ ते ७७ अंशांपेक्षा अधिक तापले आणि सामू ६ च्या पुढे गेला, तर टरफलांतील टॅनिन उतरून चव तुरट होते. वर्टची घनता १.०१० पर्यंत उतरली की थांबावे. बेंगळुरूच्या काही भागांत वापरात असलेल्या कूपनलिकांच्या जड पाण्यात बायकार्बोनेटचे प्रमाण जास्त असेल, तर सामू वाढतो. असे पाणी उकळून, थंड झाल्यावर तळाशी बसलेला पांढरा साका सोडून वरचे घेतल्यास ही अडचण बरीच कमी होते. सामू कागदी पट्टीने तपासता येतो.

बेंगळुरूपुरता या काटकसरीला आणखी एक अर्थ आहे. शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. मार्च २०२४ मधील टंचाईत कूपनलिका आटल्या आणि वाहने धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी घालून ५ हजार रुपयांचा दंड ठरवण्यात आला. अशा शहरात तेवढ्याच पाण्यातून अधिक साखर मिळवणे ही केवळ चवीची बाब राहत नाही.

कायद्याची चौकट न ओलांडता हे तत्त्व अनुभवण्याचा एक मार्ग आहे. यीस्ट न घातलेल्या ताज्या वर्टमध्ये मद्यार्क नसतो. ते उकळून, थंड करून त्याच दिवशी माल्टपेय म्हणून घेता येते. जास्त वेळ बाहेर ठेवल्यास हवेतील यीस्टने ते आपोआप आंबू लागते, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. उरलेला चोथा जनावरांना खाद्य म्हणून उपयोगी पडतो.