मूळ चिरून पाहणारा शास्त्रज्ञ

गेल्या माघांत येडगांवीं आमच्या अर्ध्या एकराच्या हरभऱ्यांत ठिकठिकाणीं झाडें माना टाकूं लागलीं. कुकडीचें धरण उशाशीं असतां पीक वाळावें, याचें नवल वाटून मीं एक पाणी अधिक दिलें. दुकानदारानें दिलेलें औषधही फवारलें. वाळावयाचीं तीं वाळलींच. शेवटीं एका जुन्या विद्यार्थ्यानें रोप उपटून त्याचें सोटमूळ चाकूनें उभें चिरलें. आंत काळपट रेघ होती. "गुरुजी, ही मर आहे. बुरशी जमिनींत, पानांवर औषध मारून काय होणार?" मूळ चिरून मगच रोगाचें नांव घेण्याची ही शिस्त ज्यांनीं हरभऱ्याच्या अभ्यासांत रुजविली, त्यांत डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांचें नांव अग्रभागीं आहे.

नेने ग्वाल्हेरचे, जन्म १९३६ चा. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते १९६० सालीं तराईंतल्या पंतनगरच्या नव्या कृषि-विद्यापीठांत रुजू झाले. त्या भागांत भाताचीं पानें काताच्या रंगाचीं होऊन पीक खुरटत असे. त्यास ‘खैरा’ म्हणत. रोग म्हटला कीं बुरशी, जिवाणू किंवा विषाणू शोधावयाचा, ही वनस्पतिरोगशास्त्राची नित्याची चाल. नेने यांनीं १९६५-६६ च्या सुमारास दाखविलें कीं, हा रोग जंतूचा नव्हेच. जमिनींत जस्ताची उणीव आहे. हेक्टरीं ५ किलो झिंक सल्फेट व २॥ किलो चुना १,००० लिटर पाण्यांतून फवारला कीं भात सुधारे. आपल्या शास्त्राबाहेरचें उत्तर स्वीकारणें विद्वानास किती जड जातें, हें शिक्षणखात्यांत जन्म घालविलेल्यास सांगावयास नको.

१९७४ सालीं ते हैदराबादजवळ पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेंत गेले. हरभऱ्याच्या ‘मर’ या एका नांवाखालीं अनेक रोग नांदत असल्याचें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें उकललें. खऱ्या मरींत मुळाचा गाभा काळवंडतो. कोरड्या मूळकुजींत सोटमूळ ठिसूळ होऊन तुटतें. खुजा रोग तर विषाणूचा. नांव चुकलें कीं उपाय चुकतोच. त्यांतून खऱ्या मरीची बुरशी हरभरा नसतांही सहा वर्षें जमिनींत तग धरते. म्हणजे एखादें साल पीक बदलून भागत नाहीं. रोगास दाद न देणारा वाणच हवा.

तो निवडण्याची रीत मोठी निर्दय आहे. रोगट झाडांचे तुकडे मुद्दाम मातींत मिसळून शेतच आजारी करावयाचें, त्यांत शेंकडों वाण पेरावयाचे, आणि जगतील तेवढे राखावयाचे. तुरीचा वांझ रोग अतिसूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरतो. त्यासाठीं नेने व त्यांचे सहकारी रेड्डी यांनीं रोगट पानें निरोगी रोपांच्या पानांना चक्क कचेरींतल्या स्टेपलरनें टांचलीं! रोगट पान सुकूं लागलें कीं कोळी नव्या पानावर उतरतात. अशाच खटपटींतून, महाराष्ट्रांतील देशी तुरींतून निवडलेला मररोधक वाण पुढें ‘मारुती’ या नांवानें कर्नाटकांत प्रसृत झाला.

आम्हां संस्कृतवाल्यांस मात्र ते निराळ्याच कारणानें जवळचे. १९९४ सालीं त्यांनीं सिकंदराबादेस आशियाच्या कृषि-इतिहासासाठीं संस्था काढली, आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील सुरपालकृत ‘वृक्षायुर्वेदा’चें हस्तलिखित मिळवून, नलिनी साधले यांनीं केलेल्या इंग्रजी भाषांतरासह तें १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत झाडांचे रोगही वात, पित्त, कफ यांत वांटलेले आहेत; ‘कुणपजल’ नांवाचें खतही आहे. कुणप म्हणजे प्रेत. कृतींत मांस, चरबी, हाडें शिजवावयाचीं असल्यानें आमच्या घरांत ती मोठ्यानें वाचण्याची सोय नाहीं! ‘पूर्वजांना सर्व ठाऊक होतें’ एवढ्यावर थांबण्याची आपल्यापैकीं पुष्कळांस खोड आहे, मलाही होती. पोथींतील कृति शेतांत कसून पाहावी, असा नेने यांचा आग्रह असे. मांसावांचूनचें, वनस्पतींचें कुणपजलही त्यांनीं पुढें सुचविलें. २०१८ सालीं ते वारले.

यंदा आमच्या त्या तुकड्यांत ज्वारी आहे. हरभरा बांधापलीकडे पेरला, राहुरीच्या कृषि-विद्यापीठाचा मररोधक ‘विजय’. परवां त्यांतलीं दोन रोपें उपटून मीं मुळें उभीं चिरून पाहिलीं, आणि निरोगी झाडें उपटल्याबद्दल घरांत बोलणीं खाल्लीं. आंतून दोन्हीं पांढरीं होतीं.