पीकपेरा लिहिणारा हात

मुंबईत काळाचौकीला गावमंडळांच्या खोल्या अजून आहेत. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडून आलेला तरुण आधी आपल्या गावाच्या खोलीत ट्रंक ठेवायचा आणि मग बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राहायचा. झोपायला पाळीप्रमाणे जागा, जेवायला खाणावळ आणि पगार झाला की गावाला मनीऑर्डर. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याचं पत्र खोलीतला चार इयत्ता शिकलेला कुणी वाचून दाखवी आणि उत्तरही तोच लिही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या गेल्या आणि माणसं पांगली. कुणी अभ्युदयनगरात राहिलं, कुणी डोंबिवली-विरारला गेलं. रविवारची बैठक मात्र टिकली. आमचं मंडळ आजरा तालुक्यातलं. जत्रेची वर्गणी आणि देवळाचा हिशोब आटोपला की हल्ली सगळे फोन बाहेर काढतात आणि गावाकडची कामं सुरू होतात.

ऑगस्टमधलं मोठं काम म्हणजे ई-पीक पाहणी. सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, बारामध्ये त्या जमिनीत काय पिकलं ते. बारावरची ही नोंद पिढ्यान् पिढ्या तलाठी करत आला. एका तलाठ्याकडे अनेक गावं, आणि प्रत्येक बांधावर जाणं त्याला शक्य नसे. मग नोंद कधी चावडीत बसून व्हायची, कधी मागच्या वर्षीचं पीकच पुढे चालू राहायचं. शेतात नाचणी आणि कागदावर भात, अशी उदाहरणं आमच्या गावात कुणालाही विचारा, मिळतील. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची व्यवस्था आली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ हे तिचं घोषवाक्य. महसुलाच्या कागदावर शेतकरी स्वतः लिहितो, ही गोष्ट फार मोठी आहे. तिचं मोल अजून आपल्याला पुरतं कळलेलं नाही.

प्रत्यक्षात ते कसं होतं, हे मी मंडळाच्या खोलीत बसून पाहिलं आहे. इकडे पुतण्या, तिकडे शेतात त्याची चुलती. व्हिडिओ कॉल लावलेला. काकींच्या हातात मुलाने मागे ठेवलेला फोन, त्यांच्या शेजारी मदतीला शेजारची नववीतली पोरगी.

“काकी, हंगाम खरीप निवडला का?”

“व्हय. आता गट नंबर मागतोय.”

पुतण्याने आदल्या दिवशीच सातबारा डाउनलोड करून ठेवला होता. त्यावरून त्याने गट क्रमांक आणि खाते क्रमांक वाचून दाखवला. पुढचा प्रश्न पिकाच्या वर्गाचा. शेतात एकच पीक असेल तर निर्भेळ, दोन-तीन एकत्र असतील तर मिश्र. काकींच्या खाचरात नुसतं भात, तेही घनसाळ. आजऱ्याच्या या सुगंधी तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पीक एकच, म्हणून निर्भेळ. पाणी पावसाचं, म्हणून अजलसिंचित. मग लावणीची तारीख. काकींनी ती तारखेने सांगितली नाही, “बेंदूर झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी” असं सांगितलं. कालनिर्णय भिंतीवर होतंच, खोलीतल्या एका म्हाताऱ्याने तारीख काढून दिली.

खरी अडचण क्षेत्राची येते. गाव गुंठ्यात बोलतं, सातबारा हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. काकींचं खाचर छत्तीस गुंठे, म्हणजे फोनवर ०.३६ भरायचे. दशांशचिन्ह चुकलं तर पीकही चुकलं. त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा धरावा लागतो. एखादा तुकडा यंदा पेरलेला नसेल तर तो चालू पड म्हणून दाखवावा लागतो. बांधावरची झाडंही नोंदवता येतात. काकींनी दोन आंबे आणि फणस लगेच सांगितले. तलाठ्याच्या काळात या झाडांची नोंद सांगायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी फोटो. तो घरी बसून चालत नाही, आपल्याच गटात उभं राहून काढावा लागतो, कारण फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जातात. खाचर खोलगट भागात आहे. “हितं रेंज न्हाई,” काकी म्हणाल्या आणि कॉल तुटला. फोटो मात्र निघाला होता. ही माहिती रेंजशिवायही फोनमध्ये साठून राहते आणि रेंज आली की पाठवता येते. अर्ध्या तासाने काकी टेकावरच्या देवळाजवळ चढून गेल्या आणि तिथून नोंद वर चढली. चूक झाली तर ४८ तासांत ती दुरुस्त करण्याची मुभा असते. पुतण्याने ती वापरायची ठरवली, कारण फणसाच्या जागी आंब्याचीच संख्या वाढली होती.

या एवढ्या खटाटोपाचं फळ काय? अतिवृष्टीत पीक आडवं झालं तर भरपाईसाठी, पीककर्जासाठी, पीकविम्यासाठी आणि हमीभावाने भात विकण्यासाठी बारावरची नोंद बघतात. नोंद नसेल तर शेतात पीक होतं हे सिद्ध करत फिरावं लागतं. तो सातबाराही आता पंधरा रुपयांत, डिजिटल स्वाक्षरीसह, फोनवर मिळतो. त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने तो खरा की खोटा हे बँक तपासू शकते. तालुक्याच्या ठिकाणी एक चक्कर म्हणजे एस.टी.चं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडणं. ज्याने ती चक्कर मारली आहे त्याला या पंधरा रुपयांची किंमत सांगावी लागत नाही.

पण मंडळाच्या खोलीत बसल्यावर दुसरी एक गोष्ट दिसते, आणि ती मला अस्वस्थ करते. पीएम किसानची ई-केवायसी असो की फार्मर आयडी, बहुतेकदा कुठेतरी ओटीपी लागतो. तो येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. आणि आमच्या गावातल्या कितीतरी आयांच्या आधारला नंबर जोडलाय मुंबईतल्या मुलाचा. मुलगा गोदीत किंवा एखाद्या इमारतीच्या पहाऱ्यावर, फोन लॉकरमध्ये. गावाकडे सेवा केंद्रात आई बसलेली, समोरचा ऑपरेटर ओटीपी मागतोय, दहा मिनिटांत त्याची मुदत संपते. आई परत जाते. शेत तिचं, राबणं तिचं, बँकेचं खातं तिचं, आणि त्याची किल्ली मुंबईत. मुलांच्या मनात खोट नाही. जोडताना घरात एकच फोन होता, एवढंच. तरी परिणाम तोच होतो: स्वतःच्या कामासाठी बाईला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते.

आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यात हा धडा आधी एकदा गिरवून झाला आहे. १९९८मध्ये वारणा खोऱ्यात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांना संगणकाने वारणेच्या सहकारी संस्थांशी जोडायचं होतं. उसाचं वजन, खताची मागणी, बिलाची माहिती गावातच मिळू लागली. पण संगणक एका खोलीत, आणि तो चालवायला एक माणूस. वीज असेल, तो माणूस असेल, खोली उघडी असेल तर काम. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथे सात गावांत आठ महिने प्रयोग केला: संगणकाऐवजी साध्या मोबाइलचा एसएमएस. तेच काम कमी खर्चात झालं आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचं वाटलं. त्या प्रयोगातले एक संशोधक केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की तंत्रज्ञान माणसात आधीपासून असलेली ताकद वाढवतं, नसलेली ताकद आणून देत नाही.

काळाचौकीच्या खोलीत मला याचीच प्रचीती येते. आमच्या गावाची नोंद वेळेत होते, कारण ज्या खोलीत कधीकाळी पत्रं वाचली जात तिथेच आता सातबारा वाचला जातो. विश्वासाचा माणूस आधीच होता, फोन मागाहून आला. शेजारच्या वाडीत फोन तेवढेच आहेत, पण विचारायला कुणी नाही, म्हणून तिथले लोक एजंटला पैसे देतात. मात्र विश्वासाच्या माणसानेही आपलं काम शिकवून मोकळं झालं पाहिजे. पुढच्या वर्षी काकींना पुतण्याची गरज पडली नाही, तर मंडळाने खरं काम केलं असं मी म्हणेन.

खरीप नोंदणीची मुदत साधारण ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, आणि नेमके त्याच दिवसांत आपण गणपतीला गावी जातो. यंदा जाताना दोन कामं ठरवून करा. आईला किंवा काकीला घेऊन बांधावर जा आणि पीकपेरा त्यांच्या हाताने भरू द्या. बटण तुम्ही दाबू नका. आणि त्यांच्या आधारला त्यांचाच नंबर जोडून द्या. त्यासाठी तालुक्याला जायलाच हवं असं नाही. २०२१पासून टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही घरी येऊन हे काम करतो. एका दुपारीत होणारं काम आहे. पण त्यानंतर तुमच्या आईला स्वतःच्या शेताबद्दल सरकारशी बोलायला तुमची परवानगी लागणार नाही.