साडेचार हजारांची डबी

मैत्रिणींनो, दिवाळी अंकात फराळाच्या कृती पुष्कळ असतात. मी आज पावडर लावण्याची कृती सांगणार आहे. हसू नका, अठ्ठावन्नाव्या वर्षी ती मला नव्याने शिकावी लागली.

माझी लेक मुंबईला नोकरी करते. गेल्या श्रावणात ती पुण्याला आली ती पर्समध्ये एक डबी घेऊन. काळी, चकचकीत, झाकणात आरसा, आत दाबून बसवलेली पावडर, तिच्यावर नाजूक वेलबुट्टी उठवलेली आणि सोबत चिमुकला स्पंज. किंमत तिने सांगितली नाही; खोक्यावरच्या चिठ्ठीने सांगितली. साडेचार हजार!

हे वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, "अगं, ही लावायची की बँकेत ठेवायची?"

लेक हसली नाही. "बाबा, आई आयुष्यभर एका पत्र्याच्या डब्यातली टाल्कम लावत आली. तिने एकदा तरी चांगली पावडर लावावी."

यावर आम्ही दोघेही गप्प बसलो.

आश्विनात पुतण्याचा साखरपुडा होता. मी साबणाने तोंड स्वच्छ धुतले, खसखसून पुसले आणि स्पंजाने पावडर लावली. घरच्या आरशात बरी दिसले. पण तासाभराने कार्यालयाच्या आरशात पाहते तो काय! गालांवर पोपडे, नाकाशेजारी पांढरे पापुद्रे आणि डोळ्यांखालची एकेक सुरकुती खडूने आखल्यासारखी. पावसाळा संपल्यावर जुन्या भिंतीचा चुना सुटतो ना, अगदी तसे. त्यात वन्संनी जवळ येऊन हळूच विचारले, "वहिनी, बरं नाही का वाटत?"

रात्री लेकीचा फोन आला. "आई, पावडर कशी आहे?"

"छान आहे हो!" मी म्हणाले, आणि डबी कपाटात साड्यांखाली सरकवली.

वसुबारसेला लेक घरी आली. साडी काढताना तिच्या हाती डबी लागली. वेलबुट्टी जवळजवळ जशीच्या तशी. तिने ती माझ्यापुढे धरली. "एकदाच लावलीस ना? आवडली नाही तर सांगायचं होतंस. मी तीन महिने पैसे बाजूला टाकत होते गं."

तिचे डोळे भरले होते. मग मी सगळे सांगितले, अगदी वन्संच्या प्रश्नासह. ती म्हणाली, "पण दुकानात मी स्वतः लावून पाहिली होती. किती सुरेख बसली होती!"

इथे माझ्यातली बाई जागी झाली. मी तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले आहे; पण आपला चेहरा हाही शास्त्राचाच विषय आहे, हे कधी ध्यानात आले नव्हते. आम्ही दोघी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचत बसलो. आत होते शंखजिरे, म्हणजेच टाल्क. हे सर्वांत मऊ खनिज; नखानेही त्यावर ओरखडा उठतो. सोबत अभ्रक आणि रंगासाठी लोखंडाची ऑक्साइडे, म्हणजे आपल्या गेरूला रंग देणारेच द्रव्य! हे सगळे बांधून ठेवण्यापुरते थोडे तेल. डबी कितीही भारी असो, पावडरीचे काम एकच: चेहऱ्यावरचे तेल टिपणे आणि चकाकी झाकणे. लेकीची कातडी पंचविशीची, तेलकट. त्यात मुंबईची दमट हवा. तिच्याकडे टिपायला पुष्कळ होते. माझे काय? वय वाढले, पाळी गेली, की त्वचेतल्या तैलग्रंथींचे काम मंदावते. त्यात पाऊस सरल्यावरची पुण्याची कोरडी हवा आणि वर साबण! जे थोडे तेल होते तेही मी धुऊन टाकले. मग पावडर बसणार कशावर? सुटलेल्या पापुद्र्यांवर आणि सुरकुत्यांत.

एकदम मला माझ्या आईचा फडताळातला कप्पा आठवला. तिथे पावडरीच्या डब्याशेजारी स्नोची बाटली असायची. मुंबईत १९१९ साली निघालेला अफगाण स्नो तेव्हा घरोघर होता. आई आधी स्नो जिरवायची, मगच पावडरीला हात लावायची. पावडर धरून ठेवणे हेच स्नोचे काम. कृतीचा तो पहिला अर्धा भाग मी विसरून गेले होते.

आता कृती ऐका. तोंड कोमट पाण्याने धुवावे, साबण नको. टॉवेलने नुसते टिपावे आणि कातडी ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले क्रीम लावावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. मग दहा मिनिटे दुसरे काम करावे. स्पंज बाजूला ठेवून मऊ ब्रश घ्यावा, डबीवर हलकेच फिरवावा, झटकावा आणि फक्त नाक, कपाळाचा मध्य व हनुवटी यांवर टेकवावा. चोळू नये. गाल आणि डोळ्यांखालचा भाग मोकळाच ठेवावा. कातडी फारच फुटली असेल, खाजत असेल, तर त्या दिवशी पावडरीला सुट्टी द्यावी.

पाडव्याच्या संध्याकाळी लेकीने आपल्या हातांनी मला असे तयार केले. हे पाटावर बसले. मी निरांजन ओवाळू लागले, तसे यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले.

"आज ती पावडर नाही ना लावलीस? बरं केलंस. किती छान दिसते आहेस!"

मागे उभी असलेली लेक तोंडाला पदर लावून हसत होती. मी काही बोलले नाही. ओवाळणीत मात्र या वेळी ब्रशचे पैसे वेगळे मागून घेतले.