शेड सुटल्यावर वाजणारा कान

सोलापूरच्या पूर्व भागात चादरीचे आणि टॉवेलचे कारखाने घरांना खेटून उभे आहेत. साध्या मागावर धोटा फटका खाऊन सुटतो आणि पलीकडच्या पेटीत आदळतो, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याखाली चालले की आवाज सहज ९५ डेसिबलच्या पुढे जातो. आठ तासांसाठी आपल्याकडची मर्यादा ९० ची. आणि तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. पाळी मात्र अनेकदा बारा तासांची असते.

आत शिरलं की बोलणं बंद, सगळं हातवाऱ्यांवर. विणकराचे कान तरीही कामावरच असतात. धागा तुटला, धोटा नीट बसला नाही, तर मागाचा ठोका बदलतो आणि पाठमोरा माणूस गर्रकन वळतो. ‘कानात बूच घातलं तर माग कसा कळणार?’ हे ते का म्हणतात, ते तिथे उभं राहिल्यावर पटतं.

कान तपासणीच्या बंद खोलीत, कानात शिट्टी वाजते म्हणून आलेले पन्नाशीचे एक विणकर हेडफोन लावून बसले होते. ‘काका, बारीकसा आवाज आला तरी बटण दाबा,’ तपासणाऱ्या ताईंनी सांगितलं. २००० हर्ट्झपर्यंत बोट झटपट हलत होतं. ४००० ला आवाज वाढत गेला, तरी बोट जागचं हललं नाही. ८००० ला पुन्हा थोडं बरं. आलेखात मध्येच पडलेला तो खड्डा म्हणजे मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ठळक खूण. मग ताईंनी एकेक सूर ऐकवून विचारलं, ‘तुमच्या कानातली शिट्टी अशी आहे का?’ काकांनी मान डोलावली ती त्या खड्ड्याच्याच आसपास.

आतल्या कानात जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा येत नाही. एखाद्या पट्टीतले संकेत थांबले की मेंदू तिथली संवेदना वाढवतो आणि त्यातून हा नाद उमटतो, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. शेडमध्ये तो मागांखाली दबतो. घरी दिवा मालवला की सुरू.

हा नाद घालवणारी खात्रीची गोळी नाही. मळ किंवा दुसरा आजार नाही ना, हे आधी पाहायचं; एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्यासारखा वाजत असेल, तर डॉक्टर गाठायचेच. अचानक ऐकू येईनासं झालं, तर एक दिवसही थांबू नये. बाकी रात्री खोली अगदी निःशब्द ठेवायची नाही. पंखा किंवा हळू रेडिओ असू द्यावा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने नादही पुष्कळदा मागे सरतो. नादाचा धसका गेला की झोप येते, आणि समुपदेशनाचा खरा उपयोग तिथेच होतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने आवाजाने येणारा बहिरेपणा अधिसूचित आजारांत धरला, पण छोट्या शेडपर्यंत कायदा क्वचितच पोचला. माझ्या मते मागाच्या सुट्या भागांबरोबर कानाची मफही मालकानेच आणावी. तिने आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. सवयीने मागाचा बदललेला ठोका त्यातूनही ओळखता येतो.

काकांचा मुलगाही मागावरच आहे. ‘त्यालाही आणू का?’ त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, ‘आणा, पण पाळी संपल्या संपल्या नको. निदान चौदा तास कारखान्याबाहेर राहू दे. नाहीतर कानाचा तात्पुरता थकवाच आलेखात उतरेल.’