डॅशबोर्डवरचे दिवे – भाग ६ : सर्व्हिसचा पिवळा पाना

गणपतीच्या तोंडावर गॅरेजमध्ये एक फोन हमखास येतो. उद्या पहाटे गावाला निघायचंय, सामान भरून झालंय आणि मीटरमध्ये पिवळा पाना लागलाय. गाडी न्यावी की नाही? बहुतेक वेळा उत्तर ‘न्या’ असंच असतं. पण त्याआधी बॉनेट उघडून एक गोष्ट पाहावी लागते आणि ती मीटर सांगत नाही.

पाना ही फक्त आठवण आहे. काही गाड्यांत त्याच्याऐवजी ‘ऑइल चेंज’ किंवा ‘सर्व्हिस ड्यू’ अशी अक्षरं येतात. हा दिवा लावणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत ऑइलकडे बघतसुद्धा नाही. मागच्या सर्व्हिसला मेकॅनिकने काउंटर शून्यावर आणला, तिथून किलोमीटर आणि दिवस मोजले गेले, ठरलेला आकडा जवळ आला आणि दिवा लागला, इतकंच. आपल्याकडे बऱ्याच पेट्रोल गाड्यांना हा आकडा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा असतो. जे आधी होईल ते. काही कंपन्यांनी हिशेब आणखी बारीक केला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८०च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइलचं उरलेलं आयुष्य काढायला सुरुवात केली. होंडाच्या अनेक गाड्या ते टक्क्यांत दाखवतात. तरीही तो अंदाजच. चेंबरमध्ये ऑइल चार लिटर आहे की अडीच, हे त्या टक्क्यांवरून कळत नाही.

लाल रंगाची, तोटीतून थेंब पडणारी ऑइलची बुधली मात्र पूर्ण वेगळी. ती ऑइलचं प्रेशर पाहते. चावी ऑन केल्यावर ती लागायलाच हवी आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझायला हवी. चालत्या गाडीत लागली, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करा. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्यांची इंजिनं खाली उतरवावी लागतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, तो प्रेशरवर टिकतो. प्रेशर गेलं की लोखंड लोखंडाला लागतं आणि बेअरिंग मिनिटभरातही जाऊ शकतं. पाना लागल्यावर घाबरणारे आणि बुधली लागल्यावर गाडी पुढे दामटणारे, असे दोन्ही लोक मला नेहमी भेटतात. या लेखातलं एकच लक्षात राहणार असेल, तर ते या दोन दिव्यांतला फरक असावं.

आता पान्याच्या हिशेबाकडे. किलोमीटर हे माप सोयीचं आहे, पण ऑइल खराब होतं ते इंजिन किती तास आणि कसं चाललं त्यावर. पुण्यात ऑफिसच्या वेळेला ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने चालणाऱ्या गाडीचे ५,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २५० तास. तेच २५० तास समृद्धी महामार्गावर ताशी ८०च्या सरासरीने काढले, तर २०,००० किलोमीटर होतात. काउंटरच्या लेखी पहिल्या गाडीचं ऑइल अजून अर्धंच वापरलेलं असतं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ‘कठीण परिस्थिती’ असा एक तक्ता असतो. धुळीचा रस्ता, ट्रॅफिक, घाट, जादा वजन आणि छोट्या फेऱ्या अशा वापराला तिथे मुदत जवळपास निम्मी दिलेली असते. तो तक्ता वाचणारे फार थोडे. आपल्या शहरांतल्या बहुतेक गाड्या त्याच तक्त्यात बसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

छोट्या फेऱ्यांचं विशेष सांगायला हवं, कारण ‘गाडी फिरतच नाही, ऑइल कशाला बदलायचं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मुलांना शाळेत सोडून तीन किलोमीटरवरून परत आलं की इंजिन धड तापतही नाही. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली उतरते आणि थंड ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. न जळलेलं पेट्रोलही त्यात मिसळतं. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. इथे ते साचत राहतं. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला कधीकधी फिकट पिवळसर साय दिसते. ती याच पाण्याची. म्हणून तर पुस्तिकेत किलोमीटरच्या बरोबरीने वर्षाची अट असते.

बीएस-६ डिझेल गाडीत आणखी एक भर पडते. एप्रिल २०२०पासून या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ आला. साचलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिनं थोडं जादा डिझेल सोडतात आणि त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये जातं. ही सफाई अर्धवट असतानाच गाडी रोज बंद होत राहिली, की ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे ऑइल दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर पाना लागायची वाट पाहू नका. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही.

तर बॉनेट उघडून पाहायची ती गोष्ट म्हणजे डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी हवी. इंजिन गरम करून बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. डिपस्टिक काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते वाचू नका. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल आणि लाल दिवा नीट विझत असेल, तर खुशाल कोकणात जाऊन या. परतल्यावर ऑइल बदला; चारपाचशे किलोमीटरने काही बिघडत नाही. खालच्या खुणेच्या आसपास असेल, तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं-थोडं घालत मोजा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर लिटरभराचं असतं. भरमसाट ओतलं तर फिरता क्रँक ते घुसळून फेस करतो. रंगावरून निकाल देऊ नका. डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

ग्रेडच्या बाबतीत मात्र हट्टी राहा. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असताना ‘जाड टाका, इंजिन शांत चालेल’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतून घेणारे पाहिले की जीव कळवळतो. नव्या इंजिनांच्या वाटा अरुंद असतात. सकाळच्या थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि झीज होते ती तेव्हाच. ऑइलबरोबर फिल्टर आणि ड्रेन नटचा वॉशरही नवा लावून घ्या. काढलेलं ऑइल गटारात जात नाही ना, ते कोण नेतं, हे गॅरेजवाल्याला जरूर विचारा. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं.

राहिला रिसेट. जुन्या मीटरच्या अनेक गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरून चावी ऑन करायची आणि आकडा शून्यावर येईपर्यंत सोडायचं नाही. नव्या गाड्यांत तो सेटिंगमध्ये मिळतो, काहींना स्कॅनर लावावा लागतो. नेमकी रीत पुस्तिकेत पाहा. ऑइल बदलून रिसेट राहिला, तर दिवा उगाच जळत राहतो. ऑइल न बदलता रिसेट केला, तर पुढचे १०,००० किलोमीटर गाडी गप्प बसते. म्हणून जुनी गाडी घेताना पाना विझलेला आहे यावर विसंबू नका. शेवटच्या ऑइलचं बिल मागा, त्यावरचे किलोमीटर आणि ग्रेड वाचा. बिल नसेल, तर गाडी घरी आणल्यावर आधी ऑइल आणि फिल्टर बदला आणि काउंटर स्वतःच्या हाताने शून्यावर आणा.

(पुढच्या आठवड्यात : डीपीएफचा दिवा)