कडेवर घेऊ का, मनीमाऊ?

मांजर पाळणं एकदम सोप्पं! फिरायला न्यावं लागत नाही, भुंकून शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, आणि शिफ्ट ड्युटीवाल्यांसाठी तर आयडियल रूममेट. कारण दिवसातला बहुतेक वेळ ते स्वतःच झोपलेलं असतं. पण हेच मांजर उचलून घ्यायला जा... आणि मग बघा. इन्स्टावरची मांजरं बाळासारखी उताणी कुशीत पडलेली असतात. आपलं मात्र पाऱ्यासारखं हातातून निसटतं आणि जाता जाता मनगटावर तीन रेघा ओढून जातं.

बुटीबोरीला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या हातांचा अशा रेघांनी पार ग्राफपेपर झाला होता. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. तिच्या मांजरीचं नाव चटणी. ही चटणी पार्किंगमधल्या एका बाइकखाली सापडली तेव्हा साधारण तीन महिन्यांची होती. घरी रुळली, पायात घुटमळायला लागली, रात्री पायथ्याशी झोपायला लागली. पण उचललं की फिस्स!

आता तिला आवडत नाही तर नाही उचलायचं, एवढं साधं असतं तर हा लेख झालाच नसता. पण चटणीची रेबीजची लस बाकी होती, नसबंदी बाकी होती. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, त्यामुळे हातात वेळही कमी. त्यातून मैत्रिणीचा भरवशाचा व्हेट नागपुरात, म्हणजे वर्धा रोडने साधारण 30 किलोमीटर. आणि समजा, उद्या बिल्डिंगमध्ये आग लागली किंवा गॅस लीक झाला, तर जे मांजर हातात येत नाही त्याला घेऊन जिने उतरणार कसं? मैत्रिणीची झोप उडाली होती ती या प्रश्नाने.

मुळात मांजर एवढं बिचकतं का? वाघाची मावशी वगैरे ठीक आहे, पण ही मावशी असते तीन-चार किलोंची. ती उंदराची शिकारी असली तरी मोठ्या जनावरांसाठी स्वतःच शिकार. पळून जाणं हा तिचा पहिला बचाव. वरून दोन हात येतात, चारही पाय जमिनीवरून सुटतात, पळायची वाट बंद. तुमच्या लेखी तो लाड असतो, तिच्या लेखी ती पकडली गेलेली असते. शिवाय माणसाळण्याचंही एक वय असतं. अमेरिकेतल्या टेम्पल युनिव्हर्सिटीत आयलीन कार्श यांनी 1980च्या दशकात पिल्लांवर अभ्यास केला. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाच्या हाताची सवय लागली तर ते पुढे माणसाजवळ जास्त सहज येतं, असं त्यातून दिसलं. चटणीचं हे वय बाइकखालीच सरलं होतं. म्हणजे केस होपलेस? अजिबात नाही. फक्त वेळ जास्त लागतो. आणि काही मांजरांना कडेवर बसणं कधीच आवडत नाही. ती शेजारी बसतील, मांडीवर येतील, पण स्वतःच्या पायांनी. हा स्वभाव आहे, तो मान्य करायचा. त्यांना निदान काही सेकंद उचलून घेणं सहन झालं तरी भरपूर!

मैत्रिणीने सुरुवात केली ती काहीच न करता. पहिला आठवडा ती नुसती फरशीवर बसायची, चटणीकडे टक लावून न बघता. मधूनच तिच्याकडे बघून हळूच डोळे मिटायचे, हळूच उघडायचे. मांजर डोळे मिटून दूध पितं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. डोळे मिटून ते मैत्रीही करतं बरं का! 2020 मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी हे तपासलं. माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले तर मांजरंही तशीच प्रतिसाद देतात, आणि हात पुढे केला तर जवळ यायची शक्यता वाढते.

मग बोट पुढे करायचं, नाकाच्या उंचीवर. तिने येऊन गाल घासला तर गाल, हनुवटी, कानांच्या बुडाशी खाजवायचं. पोट आणि शेपटीचं मूळ हा नो एन्ट्री झोन. दोन-तीन सेकंदांनी हात मागे घ्यायचा आणि बघायचं, ती ‘अजून’ म्हणते का? पुन्हा डोकं घासलं तर पुढे, नाहीतर आजचा क्लास संपला. हे सगळं चाललेलं बघून शेजारच्या काकू एकदा दारातूनच म्हणाल्या, “काय करून राहिली वं तू? धर न तिले मानेले, उचल! तिची माय तशीच नेते न!”

काकूंचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण माय उचलते ती इवल्याशा पिल्लाला. मोठ्या मांजराचं सगळं वजन मानेच्या कातडीवर आलं तर ते घाबरतं, त्याला दुखूही शकतं. अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय मांजर-डॉक्टरांच्या संघटनांनी 2022 मध्ये मिळून काढलेल्या सूचनांतही मानेला धरण्याच्या विरोधातच सल्ला आहे. ते गप्प होतं, ते शांत झालं म्हणून नव्हे, भीतीने गोठल्यामुळेही.

खरी गंमत पुढच्या टप्प्यात आहे. दोन्ही हात तिच्या बाजूंना नुसते टेकवायचे, खाऊ द्यायचा, हात काढायचे. बास. दोन-तीन दिवसांनी एक हात छातीखाली, थोडासा दाब, खाऊ. मग पुढचे पाय बोटभर वर, खाऊ. मग दुसरा हात मागच्या पायांखाली घेऊन एक सेकंद पूर्ण उचलायचं आणि तिची चुळबुळ सुरू व्हायच्या आत खाली. हे ‘आत’ फार महत्त्वाचं! ओरबाडल्यावरच सोडलंत तर ती शिकते की नखं काढली की सुटका होते. उचलल्यावर अंगाशी घ्यायचं, मागचे पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, आणि सोडताना चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत हात काढायचा नाही. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, बिनामिठाचा. सावजी रश्शातला उचलून देऊ नका हं, कांदा-लसूण मांजराला विषारी असतो.

हे सगळं चाललं होतं मे महिन्यात. पारा 45च्या आसपास, कूलर घरघरतोय... अशा वेळी कुशीत यायला कुणाला आवडेल? म्हणून क्लास पहाटे, नाइट शिफ्टवरून आल्यावर. शेपटी आपटायला लागली, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली, बुबुळं मोठी झाली की थांबायचं आणि उद्या एक पायरी मागून सुरुवात. मैत्रीण तीनदा तरी अशी मागे गेली. आणि लाडाने कडेवर बसणारं मांजर एकाएकी हात लावू देईना, तर तो रुसवा समजू नका. कुठेतरी दुखत असतं, व्हेटला दाखवा.

चावलं किंवा बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. “घरचंच तर मांजर आहे” हे लॉजिक रेबीजपुढे चालत नाही, लस न झालेल्या मांजराच्या बाबतीत तर मुळीच नाही. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, डोस मात्र सांगितले तेवढे पूर्ण करायचे. मैत्रिणीने तेही भोगलंय.

दरम्यान कॅरिअर हॉलमध्ये कायमचा उघडा पडलेला, आत तिची जुनी ओढणी. चटणी दुपारी तिथेच झोपायला लागली. वरूनही उघडणारा कॅरिअर घ्या, त्यात मांजर ढकलावं लागत नाही, अलगद ठेवता येतं.

सहाव्या आठवड्यात वारी निघाली. मैत्रिणीने चटणीला उचललं, आठ सेकंद अंगाशी धरलं, कॅरिअरमध्ये ठेवलं, वरून टॉवेल टाकला. खापरी येईपर्यंत चटणी सलग ओरडत होती, पण रेघ एकही नाही! रेबीजची लस झाली, ऑपरेशनची तारीख मिळाली. घरी आल्यावर मॅडम जे पलंगाखाली गेल्या त्या रात्रीपर्यंत बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मैत्रीण पुन्हा फरशीवर बसली. हात नुसते बाजूंना टेकवायचे, खाऊ, हात काढायचे. ऑपरेशनला अजून अठरा दिवस होते.